नवरदेवाच्या बुटांवरचा पोपटी

मी पोपटी बोलतोय. कापडावर चालणारा मार्कर, अॅक्रिलिक रंगाचा, टोपणासकट बोटभर उंचीचा आणि अंमळ बडबड्या.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. नळीत रंग ओतला, एक इवलीशी लोखंडी गोळी टाकली, वर टोपण दाबलं आणि झालो मी. ती गोळी का असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आमचा रंग स्वभावानं आळशी, तळाला जाऊन झोपतो. मला हलवलं की गोळी खुळखुळते आणि त्याला उठवते. म्हणून मी बोलायच्या आधी वाजतो.

तिथून मी आलो पिंपरी कॅम्पातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात. लाल, काळा, सोनेरी ही मंडळी हातोहात जायची. मला कुणी विचारायचं नाही. "तो पोपटी जरा बाजूला करा, त्याच्या मागचा सोनेरी द्या," एवढाच माझा उल्लेख. पण मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण दुकानात करमणूक भरपूर होती. मार्कर चालतो का बघायचं म्हटलं की माणसं कागदावर काय लिहितात, सांगू? स्वतःचं नाव. मोठे साहेब असतील तर सही करतात, तीही रुबाबात. आणि ज्यांचं लग्न ठरलेलं असतं ते दुसऱ्याच कुणाचं नाव लिहितात आणि पटकन खोडतात.

रोहिणी आली तेव्हा तिनं यातलं काहीच लिहिलं नाही. तिनं पर्समधून जाड पांढऱ्या कापडाचा तुकडा काढला, जुन्या कॅनव्हासच्या बुटाचा कापून आणलेला, आणि तो काउंटरवर पसरला.

"कशावर काढायचंय, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"बुटांवर. लग्नाच्या."

दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या तरुणाकडे. तो तरुण म्हणजे रणजीत. लग्न त्या दोघांचंच होतं. रोहिणी चाकणजवळच्या वाडीतली, घरची शेती, आणि नोकरी गाड्यांच्या वायरी बनवणाऱ्या कंपनीत, तपासणीच्या विभागात. माल ओढून, वाकवून, उलटासुलटा करून बघायचा आणि मगच पास करायचा, हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशीही ही सवय तिला सोडत नव्हती. रणजीत जुन्या सांगवीचा, भोसरीतल्या कंपनीत स्टोअरला. हसरा, गोल चेहऱ्याचा, आणि रोहिणीपेक्षा बुटका. म्हणजे लांबून पाहिलं तरी कळेल इतका बुटका.

"सगळ्या प्रकारचे एकेक काढा," रोहिणी म्हणाली.

आमची परीक्षा सुरू झाली. पहिला गेला व्हाइटबोर्डवाला. छान रेघ मारली आणि तिनं बोट फिरवताच पुसून गेला. मग काळा परमनंट. तो भलता ऐटीत होता, पण कापडावर त्याच्या रेघेला दोन्ही बाजूंनी मिशा फुटल्या. कागदावरचा बहाद्दर कापडावर पसरतो, त्याला कोण काय करणार? मग एक जाडा निळा स्केचपेन आला. रंग असा, की बघतच राहावं. रणजीत तर हरखूनच गेला. रोहिणीनं पाण्याची बाटली उघडली, त्यावर थेंब सोडले, आणि निळा ओघळून पार टोकाला पोचला.

"नापास," ती म्हणाली.

मग माझी पाळी आली. तिनं मला टोपण लावूनच हलवलं. गोळी वाजली. टोक कागदावर दाबून धरलं तसा रंग हळूहळू खाली उतरला. पहिला ठिपका माझा नेहमी ढब्बू पडतो, तो तिनं कागदावरच पडू दिला. मग कापडावर एक पान काढलं आणि ते वाळेपर्यंत ती थांबली. रणजीत फुंकर घालत होता, तर त्यालाही तिनं थांबवलं. वाळल्यावर पाणी ओतलं. कापड दुमडलं, चोळलं, नखानं खरवडलं. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की विचारू नका, पण मी कापड सोडलं नाही.

"हा पास. पण रंग? पोपटी?"

"मस्त आहे की," रणजीत म्हणाला. "राघू काढू बुटांवर. तुझ्या हिरव्या चुड्याला जुळतील."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मस्त म्हणालं. मी आतल्या आत इतका खुळखुळलो की दुकानदाराला वाटलं, गोळी सैल झाली. माझ्याबरोबर माझ्याच जातीचे पांढरा, पिवळा आणि बारीक टोकाचा काळा असे तिघं निघाले. आणि रोहिणी दाराशी वळली तेवढ्यात रणजीतनं तो निळा स्केचपेनही गुपचूप खिशात घातला. रीतसर विकत घेऊन, बरं का. माणसाला नापास झालेल्यांवर प्रेम जडतं, त्याला इलाज नाही.

पुढच्या रविवारी वाडीवर, रोहिणीच्या घरच्या ओसरीत आम्ही कामाला लागलो. दोन जोड पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, म्हणजे कापड ताणून बसतं. रबराच्या कडेला चिकटपट्टी, म्हणजे रंग बाहेर जात नाही. आधी पेन्सिलीनं आकार, मग फिका रंग, तो वाळला की त्यावर गडद. घाई केली की दोन रंग एकमेकांत शिरतात आणि चिखल होतो. रोहिणीची धाकटी बहीण मोनिका पंच म्हणून बसली होती.

रोहिणीचे राघू सुरेख येत होते. रणजीतनं मला हातात घेतलं आणि एक राघू काढला. मोनिका तो बराच वेळ बघत राहिली.

"दाजी, ही ढोबळी मिरची का काढली?"

तेवढ्यात गोठ्यातून आबाजी आले. हे रोहिणीचे वडील. त्यांनी बूट उचलून उजेडात धरला.

"मिरची झ्याक हाय," ते म्हणाले. "आमच्या मळ्यात अशी कधी पिकली न्हाई. आन् मुंडावळ्या बी बुटालाच बांधनार व्हय?"

रणजीत स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग त्यानं हळूच निळा बाहेर काढला आणि स्वतःच्या बुटांवर राघूंच्या मागं आभाळ रंगवायला घेतलं. रोहिणीनं पाहिलं.

"नापास होता ना तो?"

"पाण्यात नापास. लग्न डिसेंबरात आहे. कुठलं पाणी येतंय?"

मोनिका आणि आबाजी आत चहाला गेले. दोघं एकटी असली की ती त्याला अरे-तुरे करायची, चारचौघांत अहो-जाहो.

"आत्यानं माझ्यासाठी बूट आणलेत," तो म्हणाला. "काळे, चकचकीत. आतून टाचेला उंच गादी आहे. बाहेरून कळत नाही."

"पाटावर तर अनवाणीच उभं राहायचंय."

"नंतर स्टेजवर. फोटोला. वरातीला."

रोहिणीनं मला खाली ठेवलं. "घालून नाचता येतं?"

"नाचणं लांब राहिलं. चाललो तरी पुढं कलंडतो."

आता हे सांगायला हवं, की रणजीत म्हणजे नाचणारा माणूस. ढोल वाजला की त्याचे पाय त्याचं ऐकत नसत. चिंचवडच्या विसर्जन मिरवणुकीत कंपनीतल्या मैत्रिणींबरोबर उभ्या असलेल्या रोहिणीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते नाचतानाच. तिनंच पुढं होऊन नाव विचारलं होतं.

"मी तुला मान वर करून बघितलं नव्हतं," ती म्हणाली. "तरी पण बघतच होते ना?"

त्यानं आभाळ रंगवून पुरं केलं. जाताना एका राघूची शेपटी राहिली होती, म्हणून मला आणि आपल्या बुटांना घेऊन तो सांगवीला गेला.

सांगवीच्या घरी सुभद्राबाई होत्या. रणजीतच्या आत्या. त्याची आई तो रांगत असताना गेली, तेव्हापासून त्यांनीच त्याला वाढवलं. हाडापेरानं मजबूत, आवाज खणखणीत, आणि घरात मळकं काही दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा. रणजीतनं बूट गॅलरीत ठेवले आणि तो पत्रिका वाटायला गेला. सुभद्राबाई कपडे वाळत घालायला आल्या. त्यांना दिसलं ते असं: पोराचे नवे कोरे बूट, आणि त्यांवर शेजारच्या पोरांनी केलेल्या रेघोट्या.

"मेल्यांनी पार वाट लावली," असं म्हणत त्यांनी बूट बादलीत बुडवले.

मी खिडकीत होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. त्यांनी साबणाची पूड टाकली, ब्रश घेतला आणि अशा काही घासायला बसल्या की धुणं-भांड्यांचा सगळा अनुभव पणाला लागला. बादली निळी झाली. मोरी निळी झाली. आत्यांचे हात कोपरापर्यंत निळे झाले. आणि माझे राघू? एकही हलला नाही. त्या घासत होत्या आणि राघू तसेच ताठ बसले होते. अभिमानानं माझा ऊर भरून आला, आणि लगेच लाजही वाटली, कारण बाकी बुटांची दशा बघवत नव्हती. आभाळ फुटून सगळीकडे डाग पसरले होते. एक बूट तर मुका मार लागलेल्या गुडघ्यासारखा दिसत होता.

रणजीत आला, त्यानं बघितलं, आणि तो बादलीशेजारी उकिडवा बसला.

"आत्या, ते आम्ही काढलं होतं. रोहिणीनं आणि मी."

सुभद्राबाईंनी हातातल्या बुटाकडे पाहिलं. मग स्वतःच्या निळ्या हातांकडे.

"मला वाटलं पोरांनी..." एवढी दणकट बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. "तुझ्या लग्नात कुनी तुला हसू नये, एवढंच बघत व्हते रे. बघायला गेलो तितं बायका तोंडावर म्हनायच्या, पोरगं चांगलं हाय पर बुटकं हाय. तू हसायचास. मला ऱ्हावायचं न्हाई."

"रडू नकोस. तू आणलेले घालतो. छान आहेत ते."

त्यानं रोहिणीला व्हिडिओ कॉल केला. निळ्या हातांची आत्या, निळी मोरी, सगळं दाखवलं. रोहिणी हसून हसून बेजार झाली. मग त्यानं काळ्या बुटांचं सांगितलं, तशी ती थांबली.

"घाल," ती म्हणाली. "आत्यांचं मन मोडू नकोस. मी मात्र राघूवालेच घालणार आहे."

फोन ठेवल्यावर तो खिडकीशी येऊन उभा राहिला आणि मला उगाचच हलवत राहिला. माझी गोळी वाजत होती. मला काही ते वाजणं आवडलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सुभद्राबाईंनी एक पिशवी भरली. हळदीकुंकवाची डबी, सुटे रुमाल, ओटीचे नारळ. आणि सगळ्यांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते धुतलेले बूट. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी मलाही आत टाकलं.

नवरदेवाची गाडी पुढं, बायकांचा टेम्पो मागं, अशी मंडळी निघाली आणि मोशीच्या पुढं अडकली. आता चाकणच्या रस्त्यावर गाड्या अडकणं यात सांगण्यासारखं काही नाही. कंटेनर, कंपनीच्या बसा, ट्रेलरवर चढवलेल्या नव्याकोऱ्या मोटारी, आणि त्यात फुलं लावलेली आमची गाडी. बायका गाणी म्हणायला लागल्या. सुभद्राबाई मात्र मागच्या कोपऱ्यात खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी बूट मांडीवर घेतले आणि मला बाहेर काढलं.

त्यांनी मला हलवलं नाही. टोपण काढून सरळ टेकवलं. अर्थातच रंग आला नाही. मग जोरानं दाबलं, तसा पिच्चकन ठिपका पडला, नेमका निळ्या डागावर. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याला ओढून त्यांनी त्याचं पान केलं. पानाला दुसरं पान जोडलं. टेम्पो हातभर पुढं सरके, थांबे. सरकला की हात वर, थांबला की पान. एक पान तिरकं गेलं, एक गचक्यानं लांब झालं, पण वेल वाढत गेली, राघूंच्या पायाखालून, डागांवरून, टाचेपर्यंत. माझ्यातला रंग संपत आला होता. मला कळत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी खाली उतरत गेलो. शेवटचं पान फिकं आलं. त्यांनी मला आणखी दाबलं, पण मी संपलो होतो. त्यांनी मला टोपण लावलं, बूट पुन्हा गुंडाळले, आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. स्टेजवर मात्र गंमत झाली. फोटोवाला म्हणाला, "वहिनी, एक पायरी खाली उतरता का?" रोहिणी शांतपणे म्हणाली, "नाही." तिच्या पायांत राघू होते, पिवळ्या नऊवारीखालून डोकावणारे, आणि पाहुण्यांच्या मुली वाकून वाकून बघत होत्या. तिच्या शेजारी रणजीत काळ्या चकचकीत बुटांत उभा होता, जवळजवळ तिच्या बरोबरीनं. छान दिसत होता. फक्त तो रणजीत वाटत नव्हता. खांब वाटत होता.

ऊन उतरल्यावर गावातल्या मारुतीच्या देवळापर्यंत वरात निघाली. ताशा कडाडला. ढोल सुरू झाले. भोसरीचे मित्र रस्त्यावर उतरले.

"ये ना भावा, आज तुझाच दिवस आहे."

रणजीत उतरला. पहिल्या ठेक्याला उजवा पाय उचलला, दुसऱ्याला घोटा मुरगळला, आणि त्यानं मित्राचा खांदा धरला. हसला. पुन्हा प्रयत्न केला. मग बाजूला होऊन टाळ्या वाजवायला लागला. रोहिणी त्याच्याकडे बघत होती.

सुभद्राबाई पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. पिशवीच्या तोंडातून मला सगळं दिसत होतं.

"टाळ्या वाजवतोय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पोरगं जेवायचं न्हाई तर मी ताट वाजवायचे. ताट वाजलं की नाचायचं, नाचलं की जेवायचं. आन् आज उभं ऱ्हाऊन टाळ्या वाजवतंय."

त्या गर्दीत घुसल्या. रणजीतच्या दंडाला धरून त्यांनी त्याला टेम्पोच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या.

"आत्या, लोक बघतायत."

"बघू दे. बघायलाच आल्यात."

काळे बूट निघाले. वर्तमानपत्र उलगडलं. रणजीतनं डागांवरून गेलेली वेल पाहिली.

"ही पानं कुणी काढली?"

"गाडी थांबली व्हती तवा." त्यांनी बूट चढवले, नाड्या घट्ट बांधल्या आणि मान वर केली. "तू बुटका हायेस."

"हो, आत्या."

"मग हायेस. ऊठ आन् नाच."

तो उठला. जमिनीवर पाय टेकून बघितले, जणू ती त्याला बऱ्याच दिवसांनी भेटत होती. मग ढोलवाल्याकडे बघून त्यानं मान हलवली. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण आत्यांनी पिशवी हवेत नाचवली आणि नारळांबरोबर मीही उलटापालटा झालो. मला अधूनमधून दिसत होतं ते असं: रणजीत नाचतोय, रोहिणी नऊवारी सावरत नाचात शिरलीय, मोनिका शिट्टी वाजवतेय, आबाजी फेट्याचा शेमला फिरवत म्हणतायत, "जावई हाय का भिंगरी?" आणि सुभद्राबाई ढोलाच्या अगदी पुढ्यात, पदर खोचून, दोन्ही हात वर. बायकांनी त्यांना ओढून आणलं नव्हतं. त्याच बायकांना ओढत होत्या. देवळापर्यंतचा रस्ता एवढासा, पण वरात काही केल्या पोचेना, आणि पुजारीबुवा शेवटी स्वतःच बघायला बाहेर आले.

आता मी रावेतला असतो, त्या दोघांच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या खिडकीत, एका कपात. माझं टोक सुकलंय. सुभद्राबाई अधूनमधून राहायला येतात. त्यांना गुडघ्यांसाठी रोज चालायला सांगितलंय, आणि पांढरे बूट घालून चालणं म्हणजे दवाखान्यातल्या नर्ससारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रोहिणीनं त्यांच्यासाठी नवे रंग आणले. त्यात एक पोपटीही आहे, कोरा, जाडजूड, थोडा भित्रा. खाली चालायला येणाऱ्या बायका आता त्यांना विचारतात, कुठला मार्कर घ्यायचा. आत्या सांगतात, "आधी पाणी टाकून बघा. निळ्याच्या नादाला लागू नका."

माझं तुमच्याकडे थोडकंच मागणं आहे. टोपण नीट लावा. वापरायच्या आधी हलवा. रेघ वाकडी गेली तर बूट फेकू नका, तिला पान जोडा. आणि कोपऱ्यात मागं राहिलेला एखादा विचित्र रंग दिसला, तर एकदा कापडावर टेकवून बघा. बाकी मी सुखात आहे. रंग सगळा बाहेर गेला, आणि आत ठेवून तरी मी काय करणार होतो?

निघण्याआधी एवढं सांगतो. माझ्या कपासमोरच्या भिंतीवर लग्नाचा एकच फोटो लावलाय. स्टेजवरचे बरेच होते, चांगले प्रकाश टाकून काढलेले, ते सगळे कपाटात आहेत. हा वरातीतला आहे, थोडा हललेला. नवे पाहुणे येतात, फोटो बघतात आणि म्हणतात, "अरे, रणजीत तर रोहिणीपेक्षा उंच दिसतो."

दिसणारच. त्या फोटोत त्याचे पाय जमिनीवर नाहीत.